वाचेचे गुण

कुरखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयात
शुद्ध मोजायचा एक तक्ता आहे.
डोळ्यांचे चार गुण, वाचेचे पाच, हालचालीचे सहा.
काहीच न करणाऱ्यालाही तीन मिळतात,
शून्य कुणालाच नाही.
नर्सिंगच्या पहिल्या वर्षी
मला हे फार माणुसकीचं वाटलं होतं.

सोनसाय तुलावी, वय सत्तावन्न,
सहकारी बँकेत रोखपाल, साखर जुनी,
पाठीवर काळपुळी.
डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांचं काम.
शिरेत औषध सोडताना म्हणाले,
काका, शंभरापासून उलटं मोजा.
उलटं मोजलं की आमच्याकडे चौकशी बसते,
ते म्हणाले, आणि हसत हसत
शंभर. नव्याण्णव. अठ्ठ्या

या औषधात डोळे मिटत नाहीत.
बुबुळं एका बाजूला सरकतात, परत येतात,
रिकाम्या घरात चालू राहिलेल्या टेबलपंख्यासारखी.
मी डोळ्यांना चार दिले.
उघडे आहेत पण आत कुणी नाही,
असा रकाना तक्त्यात नाही.

पू निघत होता तेव्हा
त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर चालू लागला,
पुढे, पुढे,
मधेच थांबून हवेतल्या ओल्या स्पंजला टेकून आला,
परत पुढे.
आणि तोंडातून, बारीक, पोरासारखं:
उंदी.
मग गाल आखडला. मान खांद्यात गेली.
चिरा पाठीवर होता, गालावर नव्हता.
उंदी.
पुन्हा गाल.
सात-आठ वेळा तेच, तिथंच.

मी लिहिलं: असंबद्ध शब्द. पाचपैकी तीन.

दारात रैनीबाई पोछा पिळत उभी होती.
म्हणाली, थो मोजून रायला जी.
एक म्हणते अन् थांबते.
मी विचारलं, दोनाला काय म्हणतात तुमच्यात?
तिनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं.
मग माझ्याजवळ येऊन सांगितलं, हळूच,
अजूनही कुणी ऐकेल म्हणून:
रंड.
आश्रमशाळेत दोन म्हटलं का थापड भेटे बाई.
गुर्जीले वाटे पोट्टी शिवी देते.
मंग आमी एकावरच उभे राहू.

मला काही सुचलं नाही.
मी सलाईनचे थेंब मोजत राहिले, मराठीत.

डॉक्टर पट्टी चिकटवून हात धुवायला गेले
तेव्हा रैनीबाईनं पदराला हात पुसले,
खाटेशी वाकली,
आणि त्या बँकेच्या साहेबाच्या कानात
दोन म्हणाली.

गाल हलला नाही.
मुंद, ते म्हणाले. नालूंग.
अंगठा सरळ धावत सुटला, स्पंजाशी न थांबता,
पुढचे आकडे मला ओळखू आले नाहीत,
रैनीबाई मात्र मान हलवत होती,
कुणाचा पाढा तपासावा तशी.

तीन खोडले. चार लिहिले, तेही खोडले.
पेन धरून बराच वेळ उभी होते.
रकान्यात शेवटी खाडाखोडच राहिली,
सिस्टर नंतर रागावल्या.

संध्याकाळी ते उशीला टेकून बसले.
वडशाच्या त्यांच्या बायकोनं चहात बिस्कीट बुडवून दिलं.
मला विचारलं, मी काही बोललो का?
पैसे मोजत होतात, मी म्हटलं.
किती भरले?
रैनीबाई कोपऱ्यातली पुसलेली फरशी
पुन्हा पुसू लागली.

सुट्टीच्या दिवशी खिडकीवर त्यांनी नोटा मोजून दिल्या.
अंगठा ओला केला, सवयीनं.
ओठ हलत होते: एक,
मग मिटलेले,
मग तीन, चार, पाच.
कारकुनानं परत मोजल्या. बरोबर होत्या.